मोकळ्या जमिनीसाठी जादा कर: मतपत्रिकेवर 'हो' म्हणावं का?

पाणंदवाट

अमेरिकेतल्या आमच्या काउंटीत, म्हणजे इथल्या जिल्ह्यात, येत्या निवडणुकीत मतपत्रिकेवर एक प्रश्न असणार आहे. मोकळी जमीन, ओढ्याकाठची रानं आणि शिल्लक राहिलेली काही शेतं विकत घेण्यासाठी प्रॉपर्टी टॅक्समध्ये थोडी वाढ करायची का, हो किंवा नाही. मुदत दहा वर्षं.

मी अमेरिकेत आले तेव्हा पहिली दोन वर्षं मला इथे फार एकटं वाटायचं. घरापासून पंधरा मिनिटांवर ओढ्याच्या काठाने जाणारी एक पायवाट सापडली आणि तिने मला सावरलं. पुढे मुलं झाली, त्यांना पहिला बगळा तिथेच दाखवला. त्या वाटेला लागून एक मोठं शेत आहे. मालक म्हातारे झालेत, मुलं दूर गेलीत, आणि गेल्या वर्षीपासून तिथे मोजणीवाले दिसतात. उद्या त्या शेतावर घरं उभी राहिली तर ओढ्याकाठची वाट म्हणजे दोन कुंपणांमधली बोळ होईल.

म्हणजे मन 'हो' म्हणतंय. पण कर सगळ्यांनी भरायचा आहे, आमच्यापेक्षा ओढाताणीत असलेल्यांनीसुद्धा. त्यामुळे नुसत्या मायेपोटी मत द्यायचं नाहीये. अशा पैशाचं पुढे नेमकं काय होतं, जमीन खरंच लोकांना वापरायला मिळते का, हे ज्यांनी पाहिलंय त्यांनी कृपया लिहा.

---

कातळ

मी काही वर्षं एका शहराच्या पार्क विभागात नियोजनाचं काम केलं आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी केंद्र सरकारच्या पैशाबद्दल, कारण सगळ्याचा पाया तिथे आहे. लँड अँड वॉटर कन्झर्वेशन फंड, म्हणजे जमीन आणि पाणी राखण्यासाठीचा केंद्राचा निधी, त्याचा कायदा १९६४ सालचा. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी ३ सप्टेंबरला त्यावर सही केली, आणि त्याच दिवशी रानं मूळ स्थितीत राखण्याच्या वाइल्डरनेस अ‍ॅक्टवरही. सुरुवातीला या निधीत येणारा पैसा किरकोळ होता: मोटरबोटींच्या इंधनावरचा कर, सरकारी मालमत्तेच्या विक्रीतून येणारी रक्कम, प्रवेशशुल्क. १९६८ मध्ये त्याला समुद्रातल्या तेल आणि वायूच्या उत्खननातून सरकारला मिळणाऱ्या रकमेची जोड दिली. यामागचा विचार मला आजही पटतो. एक नैसर्गिक संपत्ती आपण उपसून संपवतोय, तर तिच्या मोबदल्यातून दुसरी कायमची राखून ठेवावी. सर्वसामान्य करदात्याच्या खिशाला त्यात थेट हात लागत नाही.

वर्षाला ९० कोटी डॉलरची मर्यादा १९७७ च्या दुरुस्तीने ठरली. पण कागदावर जमा होणं आणि प्रत्यक्ष हातात पडणं यात मोठं अंतर होतं. काँग्रेस, म्हणजे इथली संसद, दरवर्षी त्यातला काही भागच मंजूर करायची आणि बाकीचा पैसा इतर खर्चात जिरायचा. इतक्या दशकांत पूर्ण रक्कम मिळाल्याची वर्षं एका हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी कमी. २०१५ आणि २०१८ मध्ये तर कायद्याची मुदतच संपली होती. २०१९ मध्ये तो कायमस्वरूपी झाला, आणि ऑगस्ट २०२० च्या ग्रेट अमेरिकन आउटडोअर्स अ‍ॅक्टने ९० कोटी दरवर्षी मिळतीलच अशी सोय केली. सिनेटमध्ये ७३ विरुद्ध २५ मतं पडली. त्या वर्षी दोन्ही पक्ष एकत्र आले असे विषय फार थोडे होते.

आता तुमच्या दृष्टीने कामाची गोष्ट. या निधीचा एक हिस्सा राज्यांमार्फत शहरांना आणि काउंट्यांना मिळतो. अट अशी की निम्मा खर्च स्थानिक संस्थेने उचलायचा. तुमच्या काउंटीकडे स्वतःचा पैसा नसेल तर केंद्राच्या निम्म्यालाही ती मुकते. मी नोकरीत असताना हे डोळ्यांनी पाहिलंय. नदीकाठचा एक तुकडा, विकणारा तयार, ग्रँट मिळण्यासारखी, आणि आमच्या वाट्याची रक्कम उभी राहीना. सहा महिन्यांत ती जागा गेली. आज तिथे गोदामं आहेत. त्यामुळे काउंटीच्या करातला एक डॉलर पुष्कळदा बाहेरून दुसरा डॉलर घेऊन येतो, हे हिशेबात धरा.

---

रोखठोक

मी 'नाही' म्हणणार आहे आणि का ते मनापासून सांगतो. आमच्या भागात हा कर लागू होऊन बरीच वर्षं झाली. त्यातून एका मोठ्या शेताचे विकासहक्क घेतले. चांगला पैसा मोजला. आज त्या शेताला तार आहे, पाटी आहे, आणि आत पाऊल टाकायला बंदी आहे. इझमेंट म्हणतात त्याला. मालकी शेतकऱ्याचीच राहिली, त्याने फक्त घरं न बांधण्याचं कायमचं वचन विकलं. माझ्या मुलांना त्या जमिनीवर धावता येत नाही.

दुसरं, जमीन सरकारकडे गेली की तिच्यावरचा प्रॉपर्टी टॅक्स बंद. शाळेचा खर्च तेवढाच राहतो, तो उरलेल्यांवर वाटला जातो. तिसरं, आहेत त्या पार्कांतल्या स्वच्छतागृहांना कुलपं आहेत. आधी आहे ते नीट ठेवा, मग नवीन घ्या.

---

कातळ

रोखठोक, तिन्ही मुद्दे खरे आहेत. एकेक घेऊ.

इझमेंट आणि सरळ खरेदी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि मतपत्रिकेवरच्या दोन ओळींत त्या एकत्र झाकल्या जातात. इझमेंट स्वस्त पडतं, शेती चालू राहते, पाणी मुरतं, जमीन करपात्रही राहते. पण त्यात लोकांना आत जाण्याचा हक्क आपोआप येत नाही. तो वेगळा मागावा लागतो, करारात लिहून घ्यावा लागतो. काही ठिकाणी शेताच्या कडेने पायवाटेपुरती पट्टी घेतात, बाकी शेत बंद. पैसा लोकांचा असेल तर निदान इतकं मागण्याचा लोकांना हक्क आहे असं माझं ठाम मत आहे. तुमच्या भागात ते कुणी मागितलं नाही, हे वाईट झालं.

कराबद्दल: केंद्राच्या मालकीच्या जमिनीसाठी काउंट्यांना भरपाई देण्याचा कायदा १९७६ पासून आहे. पण काउंटीने स्वतः घेतलेल्या जमिनीला तो लागू नाही, तेव्हा तुमचा मुद्दा उरतोच. मात्र दुसरी बाजू अशी, की त्याच जमिनीवर घरं झाली तर रस्ते, गटारं, शाळेच्या बस, अग्निशामक दल हे सगळं तिथवर न्यावं लागतं. शेताला आणि रानाला यातलं फारसं काही लागत नाही.

देखभालीचं मात्र अगदी मान्य. तिथे आपल्या सगळ्यांचंच चुकलंय. त्यावर पुन्हा लिहितो, आत्ता कामाला जायचंय.

---

नदीकाठ

मी मिसुरीत राहतो. इथला अनुभव लिहायलाच हवा, कारण दुसऱ्या राज्यांतल्या आपल्या लोकांना तो फारसा माहीत नसतो.

१९७६ साली इथल्या मतदारांनी स्वतःहून विक्रीकरात एक टक्क्याचा आठवा हिस्सा वाढवून घेतला, वन्यजीव आणि जंगलासाठी. शंभर डॉलरच्या खरेदीमागे साडेबारा सेंट. ही तरतूद राज्याच्या घटनेत आहे, त्यामुळे विधिमंडळाला तो पैसा दुसरीकडे वळवता येत नाही. मग १९८४ मध्ये स्टेट पार्क आणि मातीची धूप थांबवणं या दोन कामांसाठी एक टक्क्याचा दहावा हिस्सा. हा दुसरा कर ठरावीक वर्षांनी पुन्हा लोकांपुढे येतो. २०१६ मध्ये आला तेव्हा जवळजवळ ८० टक्के लोकांनी 'हो' म्हटलं. मिसुरीची राजकीय प्रकृती ज्यांना ठाऊक आहे त्यांना कळेल की करवाढीला इथे सहजी होकार मिळत नाही.

लोक का देतात? कारण दिसतं. इथल्या स्टेट पार्कमध्ये शिरायला पैसे पडत नाहीत. गाडी लावा आणि चालू लागा. माझ्याकडे सुरुवातीला जुनी गाडी आणि बेताचा पगार होता, तेव्हा शनिवार-रविवारी जाण्यासारखी दुसरी जागा आम्हाला नव्हती. तंबू उसना आणला होता. त्या दोन-तीन वर्षांत आम्ही जेवढं फिरलो तेवढं नंतर हातात पैसा आल्यावरही फिरलो नाही.

आणि केटी ट्रेल, जुन्या रेल्वेमार्गावरची पायवाट! एमकेटी रेल्वेने १९८६ मध्ये तो मार्ग सोडून दिला. रुळांची पट्टी तशीच अखंड राखून तिथे वाट करता येते अशी कायद्यात १९८३ पासून सोय होती. आज सुमारे २४० मैलांची वाट झालीय, तिचा मोठा भाग मिसुरी नदीला धरून जातो. ही पट्टी तेव्हा तुकड्यातुकड्याने विकली गेली असती तर पुन्हा कुणाच्या बापाला जोडता आली नसती. लांब वाटेचं हेच असतं, मध्ये एक शेत जरी हातचं गेलं तरी सगळी वाट तुटते.

---

ओसरी

नदीकाठ, केटी ट्रेलचं वाचून राहवलं नाही. माझे सासरे आमच्याकडे आले होते तेव्हा त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं होतं. डोंगर नाही, पायऱ्या नाहीत, झाडांची सावली. आगगाडीला चढ सोसत नाही म्हणून या वाटा सपाट असतात. रोज अर्धा मैल, मग एक, मग दोन. महिनाभरात काठी सुटली. "ही वाट कुणी बांधली?" असं त्यांनी विचारलं होतं. मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. आज दिलं असतं.

---

रोखठोक

ओसरी, तुमचे सासरे बरे झाले हे वाचून खरंच आनंद झाला. माझा विरोध वाटांना नाही. पण विक्रीकर गरिबाला जास्त टोचतो हेही खरं ना? श्रीमंत वस्तीला लागून रान राखायचं, त्याने त्यांच्याच घरांच्या किमती वाढणार, आणि पैसे मात्र सगळ्यांचे. ज्यांच्या वस्तीत एक झाड नाही त्यांना यातून काय मिळतं?

---

दुपारचं ऊन

रोखठोक यांचा हा प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटतो.

आम्ही मोठ्या शहरात भाड्याच्या घरात राहतो. मुलांना न्यायला जवळ एकच मैदान, तेही शाळेचं, संध्याकाळी कुलूपबंद. 'जमीन राखणं' म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर डोंगर येतात. तिथवर पोचायला गाडी लागते, सुट्टी लागते. पण कातळ यांनी सांगितलेल्या केंद्राच्या निधीतून राज्यांना मिळालेल्या पैशातून आजवर ४०,००० हून जास्त छोटी कामं झालीत आणि त्यात पोहण्याचे तलाव, बॉलफील्ड, खेळाची मैदानं पुष्कळ आहेत. शिवाय शहरांतल्या पार्क नसलेल्या वस्त्यांसाठी २०१४ पासून एक वेगळा ग्रँट कार्यक्रम आहे. पैसा थोडा आणि मागणारे जास्त ही रड तिथेही आहेच.

पाणंदवाट, तुमच्या काउंटीच्या ठरावात जमीन निवडताना वस्ती पाहिली जाणार आहे का ते विचाराल? नुसते एकर मोजले तर पैसा नेहमी दूरच्या स्वस्त जमिनीकडे जातो. शहरातला पाव एकर महाग असतो. पण तिथे रोज शंभर मुलं येतात.

---

गवतफूल

मिनेसोटातून. आमच्याकडे २००८ साली, म्हणजे मंदी ऐन अंगावर आलेली असताना, लोकांनी विक्रीकरात तीन अष्टमांश टक्का वाढ मान्य केली, २०३४ पर्यंत. त्यातला एकेक तृतीयांशाच्या आसपासचा हिस्सा वन्य अधिवासाला आणि स्वच्छ पाण्याला, १४.२५ टक्के पार्क आणि ट्रेलना, उरलेला कला आणि वारशाला. वाटणी आधीच लिहिलेली असल्यामुळे दरवर्षीची रस्सीखेच कमी होते.

एक राहून गेलेला मुद्दा. या देशात शिकारी आणि मासे धरणाऱ्यांनी फार आधीपासून पैसा भरलाय. १९३७ पासून बंदुका आणि काडतुसांवरचा कर थेट वन्यजीवांच्या कामाला जातो, १९५० पासून गळ आणि दोऱ्यांवरचाही. मी स्वतः शाकाहारी आहे, शिकार मला बघवत नाही. पण ज्या पाणथळीत मी दर वसंतात बदकं बघायला जाते ती त्यांच्या पैशाने राखलेली आहे, आणि त्याबद्दल माझ्या मनात त्यांच्याविषयी आदर आहे. आपण दुर्बीण, बूट आणि पाठीवरची बॅग घेऊन जाणारे लोक वेगळं असं काही भरत नाही. म्हणून असा कर आला की मी 'हो' म्हणते.

---

कातळ

देखभालीबद्दल लिहितो म्हटलं होतं.

जमीन घेणं हे एकदाचं काम असतं. फीत कापली जाते, फोटो येतो. पुढे पूल कुजतो, दरड येते, परदेशी वेल झाडांवर चढते, स्वच्छतागृहाची मोटर जळते. त्याला फोटो नसतो. एकट्या नॅशनल पार्क सर्व्हिसची थकलेली दुरुस्ती दोन हजार कोटी डॉलरच्या वर आहे. २०२० च्या त्याच कायद्यात दुरुस्तीसाठी वेगळी रक्कम होती, वर्षाला १९० कोटींपर्यंत, पण पाचच वर्षांसाठी, २०२१ ते २०२५. जमिनीची सोय कायमची केली आणि दुरुस्तीची मुदतीची. हे मला तेव्हाही चुकीचं वाटलं होतं. दुसरीकडे माणसं वाढताहेत. २०२४ मध्ये राष्ट्रीय उद्यानांत ३३ कोटींहून जास्त भेटी झाल्या, आजवरचा उच्चांक.

कुणी म्हणेल, पैसाच नाही. पण वाणिज्य खात्याच्या आकडेवारीनुसार २०२३ मध्ये बाहेर फिरण्या-खेळण्याशी जोडलेल्या व्यवसायांतून ६३९.५ अब्ज डॉलरची भर पडली, देशाच्या एकूण उत्पन्नाच्या २.३ टक्के, आणि सुमारे ५० लाख रोजगार. त्यात बोटी आणि आरव्ही, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या मोठ्या गाड्यासुद्धा येतात, सगळंच काही पायवाटांमुळे नाही. तरीही हा सगळा धंदा शेवटी कुठल्या तरी खुल्या जमिनीवर आणि पाण्यावर उभा आहे. ती जमीन गेली तर सायकल कुठे चालवणार?

म्हणून पाणंदवाट, मतपत्रिकेवरचा मजकूर नाही, पूर्ण ठराव मागवा. त्यात देखभालीला रक्कम राखून ठेवली आहे का ते पाहा. नसेल तर सुनावणीत उभं राहून विचारा.

आणि कायमचं म्हणजे किती कायमचं, हेही. केंद्राच्या निधीतून झालेल्या पार्कला एक कडक अट असते. ती जागा पुढे कधीही दुसऱ्या कामाला वापरायची झाली तर केंद्राच्या अंतर्गत व्यवहार खात्याची (इथे हेच खातं राष्ट्रीय उद्यानं सांभाळतं) परवानगी लागते, आणि बदल्यात निदान तेवढ्याच किमतीची, तशाच उपयोगाची दुसरी जागा द्यावी लागते. आमच्या शहरात एकदा एका जुन्या मैदानावर पार्किंगची इमारत बांधायचं ठरत आलं होतं. फायलीत १९७० च्या दशकातल्या एका छोट्या ग्रँटचा कागद सापडला. बेत तिथेच थांबला. तो कागद ज्याने जपून ठेवला त्या कारकुनाचा मी आयुष्यभर ऋणी आहे. निव्वळ काउंटीच्या पैशाने घेतलेल्या जमिनीला ही अट आपोआप लागत नाही. तिथे कुंपणानेच शेत खाऊ नये म्हणून ठरावातच तसं लिहून घ्यावं लागतं.

---

वळचण

न्यू जर्सीकर इथे. आमच्याकडे एकवीसच्या एकवीस काउंट्यांत असा कर आहे, आणि राज्याचा ग्रीन एकर्स कार्यक्रम १९६१ पासून. इतकं दाटीवाटीचं राज्य असून घराजवळ चालायला जागा आहे ती त्यामुळे.

पुराबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. आमच्या गावात नदीकाठची घरं वारंवार पाण्यात जायची. सरकारने ती मालकांच्या संमतीने विकत घेतली, पाडली. केंद्राच्या पैशातून अशी घेतलेली जागा कायम मोकळीच ठेवावी लागते. आता तिथे गवत आहे, बाक आहेत, आणि पूर आला की पाणी पसरायला जागा आहे. ज्यांची घरं गेली त्यांच्यातल्या एक आजी अजून तिथे चालायला येतात आणि त्यांचं स्वयंपाकघर कुठे होतं ते दाखवतात. मी दर वेळी त्यांच्याबरोबर तिथे थांबते.

---

रोखठोक

कातळ, देखभाल आणि 'कायमचं' याबद्दल जे लिहिलंत ते आमच्या काउंटीने आधी सांगितलं असतं तर माझं मत कदाचित वेगळं झालं असतं. आमच्या भागातल्या त्या शेताच्या कडेने वाट मागता येईल का, करार झाल्यानंतर?

---

कातळ

येईल. मालक तयार असेल तर वाटेपुरता वेगळा करार करता येतो, त्याचा वेगळा मोबदला देऊन. सक्ती करू नये, आणि बहुतेक वेळा लागतही नाही. शेतकऱ्याला भीती असते कुत्र्यांची, कचऱ्याची, आणि कुणी पडलं तर दावा लावेल याची. फुकट फिरू देणाऱ्या मालकाला दाव्यापासून संरक्षण देणारा कायदा जवळजवळ सगळ्या राज्यांत आहे. आधी तो त्यांना समजावून सांगा. मालकाला एकटे भेटा, सभेत नको.

---

पाणंदवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. काल सुनावणीला जाऊन आले. आयुष्यात पहिल्यांदाच माइकसमोर उभी राहिले, हात थरथरत होते.

पूर्ण ठराव मागवून वाचला होता. देखभालीला एक हिस्सा राखलेला आहे, पण 'राखता येईल' असे शब्द आहेत, 'राखावा' असे नाहीत. मी तेवढाच एक शब्द बदलायची विनंती केली. माझ्यामागे आणखी दोघांनी तेच सांगितलं. वकिलांनी टिपून घेतलं. दुपारचं ऊन, तुमचा प्रश्नही विचारला. जमीन निवडताना गुण द्यायची पद्धत आहे, पण त्यात वस्तीपासूनचं अंतर हा निकषच नाही. समितीच्या अध्यक्षांनी तो घालण्याचा विचार करू असं म्हटलं. पुढच्या महिन्यात समितीची बैठक आहे, तिथे मी जाणार आहे.

ओढ्याशेजारच्या शेताचे मालकही आले होते. शेवटच्या रांगेत बसले होते, बोलले नाहीत. बाहेर पार्किंगमध्ये मी त्यांना सांगितलं की मी त्या वाटेने रोज जाते. ते म्हणाले, "माहीत आहे, तू आणि दोन मुलं. धाकटा कुंपणावर चढतो." मग म्हणाले की बिल्डरचा आकडा मोठा आहे, पण काउंटीने निम्म्यापेक्षा जरा बरं काही देऊ केलं तर ते बोलायला तयार आहेत. त्यासाठी काउंटीकडे पैसा हवा.

मी 'हो' म्हणणार आहे. रोखठोक, तुमच्या शेताच्या मालकाशी बोललात तर काय झालं ते इथेच लिहा.